मुदतीचा प्रश्न : रुग्णालयातील दिवस, दैव आणि पुरुषकार

मराठीत विषमज्वराला, म्हणजे टायफॉइडला, ‘मुदतीचा ताप’ असे जे जुने नाव आहे, त्यात आजार आणि काळ यांच्या संबंधाविषयीचा एक पुरता सिद्धान्त सामावलेला आहे. मुदत हा मूळचा अरबी शब्द कर्जरोखे, गहाणखते आणि कोर्टकचेऱ्या यांच्या व्यवहारातून मराठीत रुळला. तो तापाला लावताना बोलणाऱ्यांनी असे गृहीत धरले की हा ताप आपले दिवस बरोबर घेऊनच येतो, ते भरल्याखेरीज जात नाही, आणि भोवतालच्या माणसांच्या हाती शुश्रूषा, पथ्य व वाट पाहणे एवढेच उरते. घरोघरी एकवीस दिवस मोजले जात. पुढे १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल या औषधाचा विषमज्वरावरील गुण सिद्ध झाला, ताप काही दिवसांतच उतरू लागला, आणि जी मुदत आजाराच्या स्वभावातच कोरलेली आहे असे वाटत होते ती औषधाअभावीची मुदत होती, असे उघड झाले. मुदत गेली, पण तापाचे नाव तसेच राहिले.

रुग्णालयात दाखल झालेला माणूस किती दिवस तेथे राहील, याचा आगाऊ अंदाज बांधण्याचे जे शास्त्र अलीकडे संगणकाच्या आधाराने वाढते आहे, त्याच्याकडे पाहताना हे नाव ध्यानात ठेवणे उपयोगाचे आहे. या शास्त्राचा व्यावहारिक भाग सोपा आहे. दाखल झाल्यापासून घरी सोडेपर्यंतच्या काळाला ‘वास्तव्यकाल’ म्हणतात, आणि रुग्णालयात सरासरी किती खाटा भरलेल्या राहतील हे दोनच गोष्टींवर ठरते : रोज दाखल होणाऱ्यांची संख्या आणि त्यांचा सरासरी वास्तव्यकाल. या दोहोंचा गुणाकार म्हणजे भरलेल्या खाटा, हा नियम जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केला. रोज साठ रुग्ण येत असतील आणि प्रत्येकजण सरासरी पाच दिवस राहत असेल, तर तीनशे खाटा लागतात. सरासरी एका दिवसाने वाढली की रुग्ण तेवढेच असूनही आणखी साठ खाटा कमी पडतात. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयासारख्या, लोकांच्या तोंडी नुसते ‘सिव्हिल’ असलेल्या ठिकाणी, जेथे पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर अशा दूरच्या आदिवासी तालुक्यांतूनही रुग्ण येतात, तेथे हा एक दिवस म्हणजे कोणाला तरी खाट मिळणे किंवा जमिनीवर गादी मिळणे यांतला फरक असतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६३ च्या सुमारास सर्व रुग्णालयांनी आपल्या नोंदी एकाच नमुन्यात ठेवाव्यात असा आग्रह धरला होता, त्यामागेही अशीच व्यवहारदृष्टी होती.

प्रश्न तात्त्विक होतो तो त्यापुढे. पुष्कळ रुग्णांची सरासरी ही खाटांच्या हिशेबाला पुरेशी असते. पण खाटेवरचा एकटा रुग्ण आणि त्याचे नातेवाईक जेव्हा ‘किती दिवस लागतील?’ असे विचारतात, तेव्हा ते सरासरी विचारत नसतात. त्यांच्या प्रश्नात असे गृहीत असते की या माणसाचे इथले दिवस कुठेतरी आधीच ठरलेले आहेत आणि जाणत्याला ते वाचता येतात. असे गृहीत धरणे नाशिकसारख्या नगरीत अस्वाभाविक नाही, कारण येथे काळ आधी सांगण्याचे एक अत्यंत प्रतिष्ठित शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहे. गुरू सिंह राशीत येतो तेव्हा गोदातीरी सिंहस्थ भरतो, आणि २०२७ मधील पर्वण्यांच्या तारखा कितीतरी आधी जाहीर होऊ शकतात, कारण ग्रहांची गती कोणाच्या इच्छेने बदलत नाही. त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळीचा विधी करायला येणारे कुटुंब तीन दिवसांची खोली आधीच ठरवून येते, आणि तेही चुकत नाही, कारण विधी तेवढ्याच दिवसांचा घडवलेला असतो. पंचांगातला दिवस निसर्गाने ठरवला, विधीचा दिवस शास्त्राने ठरवला. आजाराचा दिवस या दोन्ही प्रकारांत बसत नाही, पण विचारणाऱ्याच्या मनात तो यांपैकीच एकात बसवलेला असतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात हाच प्रश्न अधिक मोठ्या रूपात येतो. या अध्यायाचे नाव जनपदोद्ध्वंसनीय, म्हणजे अख्खे जनपद उद्ध्वस्त करणाऱ्या साथींविषयीचा अध्याय, असे आहे, आणि त्याचे स्थळ कांपिल्य नगरीजवळचा गंगातीर आहे. गोदावरीलाच ‘गंगा’ म्हणणाऱ्या नाशिककराला ते वाचताना फार दूरचे वाटू नये. प्रकृती, आहार, वय, सवयी सगळे निरनिराळे असलेली माणसे एकाच वेळी एकाच रोगाने का मरतात, हे वायू, जल, देश आणि काल यांच्या बिघाडाने समजावून दिल्यावर शिष्य अग्निवेश आपले गुरू पुनर्वसु आत्रेय यांना विचारतो की आयुष्याचे प्रमाण सर्वांचे नियत असते की नसते. आत्रेयांचे उत्तर असे की ते दैव आणि पुरुषकार या दोहोंच्या युक्तीवर, म्हणजे त्यांच्या जोडणीवर आणि बलाबलावर, अवलंबून असते. दैव म्हणजे पूर्वदेहात केलेले कर्म. पुरुषकार म्हणजे या देहात केले जाणारे. काही कर्म इतके बलवान असते की त्याच्या फळाचा काळ नियत असतो, काही कर्माचा काळ नियत नसतो आणि ते निमित्त मिळेल तसे जागे होते. सगळेच नियत असते तर कोणी औषध घेतले नसते, शांतिकर्म केले नसते आणि उधळलेल्या जनावरासमोरून कोणी बाजूला झाले नसते, हा त्यांचा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो.

त्यानंतर येणारा दृष्टान्त गाडीच्या अक्षाचा, म्हणजे आसाचा आहे. चांगल्या घडणीचा आस योग्य रीतीने वापरला तर आपल्या शक्तीप्रमाणे झिजत जाऊन आपल्या वेळी संपतो, तोच कालमृत्यू. पण तोच आस अतिभाराने, वाईट रस्त्याने, चाक मोडल्याने, बैलाच्या किंवा हाकणाऱ्याच्या दोषाने, खीळ निसटल्याने अथवा वंगण न मिळाल्याने मध्येच मोडतो, तोच अकालमृत्यू. या यादीत आसाचा स्वतःचा दोष फारसा नाहीच. रस्ता, बैल, हाकणारा, वंगण हे सगळे आसाबाहेरचे आहेत. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती होऊन दाब कमी झाला आणि श्वासासाठी त्या पुरवठ्यावर विसंबलेले वीसहून अधिक कोविडरुग्ण दगावले. त्यांच्यापैकी प्रत्येकाचे वय, रक्तातील प्राणवायू आणि फुप्फुसांचे छायाचित्र यांवरून त्या सकाळी जो कोणता अंदाज बांधता आला असता, त्यात टाकीच्या तोटीचा रकाना असणे शक्य नव्हते. आसाची परीक्षा कितीही सूक्ष्म केली तरी रस्त्याची परीक्षा त्यात होत नाही.

अंदाज हे ज्ञान कोणत्या जातीचे, याचा निवाडा न्यायदर्शनात अधिक बारकाईने सापडतो. न्यायसूत्रांनी अनुमानाचे जे तीन प्रकार सांगितले, त्यांतील ‘पूर्ववत्’ अनुमान कारणावरून कार्याकडे जाते, जसे दाटलेल्या मेघांवरून पाऊस पडेल हे ओळखणे. आणि ‘शेषवत्’ कार्यावरून कारणाकडे जाते, जसे नदी फुगलेली पाहून वर पाऊस झाला आहे हे ओळखणे. नाशिकला हे शेषवत् अनुमान शिकवावे लागत नाही. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले, छातीला लागले, मानेला लागले, या मापाने शहर पुराचा अंदाज पिढ्यान्‌पिढ्या घेत आले आहे. पण न्यायसूत्रांतच या अनुमानावर एक आक्षेप नोंदवला आहे, आणि तो असा की नदी पावसानेच फुगते असे नाही, कोठे पाणी अडवल्यानेही ती फुगू शकते. गंगापूर धरण झाल्यानंतर हा आक्षेप नाशिकमध्ये प्रत्यक्षात उतरला. मारुतीच्या छातीचे पाणी आता आभाळाइतकेच धरणाच्या दरवाजांबद्दल आणि ते उघडण्याच्या निर्णयाबद्दल सांगते. नैयायिकांनी आक्षेपाला उत्तर दिले ते असे की पावसाचा पूर नुसत्या पातळीने ओळखायचा नसतो, त्याच्या वेगाने, फेसाने, वाहून येणाऱ्या पाला-लाकडांनी ओळखायचा असतो. म्हणजे खूण जितकी भरगच्च, तितके अनुमान निर्दोष.

वास्तव्यकालाचा आकडा हा असाच दरवाजे असलेल्या नदीच्या पातळीसारखा आहे. रुग्ण सहा दिवस राहिला, या वाक्यात आजार किती दिवसांचा होता हे जेवढे असते, तेवढेच विमा कंपनीची मंजुरी दुपारी आली की संध्याकाळी, मध्ये रविवार आला की नाही, गावाकडे जाणारे वाहन मिळाले की नाही, बिलाचे पैसे जमले की नाही, घरात सांभाळायला कोणी आहे की नाही, आणि काही कुटुंबांत तर अमावस्या टळली की नाही, हेही असते. यांपैकी कितीतरी गोष्टी नोंदीत नसतात. ज्या असतात त्याही फसवतात. तर्कशास्त्रात याला ‘उपाधी’ म्हणतात : जेथे धूर तेथे अग्नी हे खरे, पण जेथे अग्नी तेथे धूर हे खरे नाही, कारण धुराला ओले सरपण ही उपाधी लागते, आणि ती न दिसता धरलेली व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींमधला अव्यभिचारी संबंध, खोटी ठरते. अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी कोणाला मृत्यूचा धोका कमी आहे हे संगणकाला जुन्या नोंदींवरून शिकवले, तेव्हा त्याने ज्यांना दम्याचा विकार आहे त्यांना कमी धोका आहे असा नियम शोधून काढला. उपाधी अशी होती की दमेकऱ्यांना डॉक्टर थेट अतिदक्षता विभागात नेत, आणि त्या तातडीच्या उपचारानेच ते वाचत. संगणकाने पुरुषकाराचे फळ दैवाच्या खात्यावर जमा केले होते. हे उदाहरण मृत्यूच्या अंदाजाचे आहे, वास्तव्यकालाचे नव्हे, पण हेत्वाभासाची जात तीच.

एवढ्या अडचणी असूनही हा आकडा आधी सांगता यावा, ही इच्छा किती प्रबळ आहे हे २०११ मध्ये सुरू झालेल्या एका स्पर्धेवरून दिसते. कॅलिफोर्नियातील हेरिटेज या वैद्यकीय सेवासंस्थेने, आपल्या सभासदांपैकी कोण पुढील वर्षात किती दिवस रुग्णालयात घालवील हे पुरेशा अचूकपणे सांगणाऱ्यास तीस लाख डॉलर देऊ केले. जगभरच्या गणितज्ञांनी दोन वर्षे खटपट केली. ठरवलेली अचूकता कोणालाही गाठता आली नाही, आणि सर्वांत पुढे राहिलेल्या संघाला पाच लाखांवर समाधान मानावे लागले. यावरून दैव वाचता येत नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. वाचण्यासारखे जे होते त्यातले बरेचसे त्या वर्षात अजून घडायचे होते, एवढे मात्र म्हणता येते.

येथे आकड्याच्या आणखी एका खोडीकडे पाहावे लागते, आणि धर्मदृष्ट्या तीच सर्वांत गंभीर आहे. नोंदवहीत दोन दिवसांचा वास्तव्यकाल असलेले तीन रुग्ण अगदी सारखे दिसतात. पण पहिला बरा होऊन गेला असतो, दुसरा दगावलेला असतो आणि तिसऱ्याला नातेवाइकांनी स्वतःच्या जबाबदारीवर, कागदावर सही देऊन, घरी नेलेले असते. तिसऱ्याच्या मागे कधी पैसा संपलेला असतो, तर कधी शेवटचा श्वास आपल्या माणसांत, तुळशीपत्र आणि गंगेचे पाणी तोंडात घालून सुटावा ही श्रद्धा असते. या दोन्ही गोष्टी ‘कमी दिवस’ या एकाच स्तंभात जातात, आणि कमी दिवस हे चांगल्या कारभाराचे लक्षण मानले गेले की दारिद्र्य, मृत्यू आणि श्रद्धा हे तिघेही मिळून रुग्णालयाची कामगिरी सुधारतात. जाणकार संख्याशास्त्रज्ञ अशा रुग्णांचा हिशेब वेगळा ठेवतात, हे खरे. पण कार्यालयातल्या मासिक तक्त्यापर्यंत तो वेगळेपणा क्वचितच पोहोचतो.

आकडा तक्त्यात बसला की तो उलट फिरून माणसाला बांधू लागतो. अमेरिकेत १९८३ मध्ये वृद्धांच्या सरकारी विम्याने रुग्णालयाला झालेल्या खर्चानुसार पैसे देणे सोडून आजाराच्या गटानुसार ठरावीक रक्कम देण्यास आरंभ केला, आणि वृद्धांचा सरासरी वास्तव्यकाल लवकरच घटला. त्यांचे आजार त्या वर्षी सौम्य झाले होते असे कोणी म्हणणार नाही. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेल्या आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळालेल्या योजनेतही शस्त्रक्रियांना ठरावीक रकमेचे ‘पॅकेज’ असते. गरिबाला अशा योजनेने दार उघडले, हे नि:संशय तिचे पुण्य आहे. तरीही तिच्या आतले तर्कशास्त्र ओळखून ठेवावे : गटाच्या सरासरीवरून रक्कम ठरते, रकमेवरून परवडणारे दिवस ठरतात, परवडणाऱ्या दिवसांवरून घरी सोडण्याचा दिवस ठरतो, आणि त्या दिवसांची नोंद पुढच्या अंदाजाला पुरावा म्हणून मिळते. अंदाज खरा ठरतो, कारण त्याला खरे ठरवण्याची सगळी व्यवस्था झालेली असते. वेदान्तात प्रारब्धाला सुटलेल्या बाणाची उपमा देतात. संचित म्हणजे भात्यातले बाण, क्रियमाण म्हणजे हातातला, आणि प्रारब्ध म्हणजे धनुष्यातून सुटून वेग संपेपर्यंत जाणारच असा. येथे मात्र बाण कोणी सोडला हे दिसते आहे, फक्त त्याला प्रारब्ध म्हणण्याची सवय लागली आहे. हे मानवनिर्मित दैव होय, आणि ते खऱ्या दैवापेक्षा अधिक निष्ठुर असण्याचा संभव असतो, कारण त्याच्यापुढे शांतिकर्मही चालत नाही.

भारतीय परंपरेत काळ आधी ओळखण्याला मान देणारा आणखी एक ग्रंथ म्हणजे योगसूत्रे. त्यांच्या विभूतिपादात कर्माचे सोपक्रम आणि निरुपक्रम, म्हणजे लवकर फळणारे आणि सावकाश फळणारे, असे दोन प्रकार करून त्यांच्यावर संयम केल्याने किंवा अरिष्टांवरून, म्हणजे मृत्युसूचक चिन्हांवरून, अंतकाळाचे ज्ञान होते असे सांगितले आहे. पण व्यासभाष्याने तेथे जो दृष्टान्त दिला आहे तो पाहिला की या ज्ञानाचा निश्चितपणाही सैल होतो. ओले वस्त्र पसरून वाळत घातले तर लवकर वाळते. तेच गोळा करून ठेवले तर उशिरा वाळते. वस्त्र तेच, ओल तीच, आणि तरी किती वेळ लागेल याचे उत्तर वस्त्रात मिळत नाही, कारण ते पसरणाऱ्याच्या हातात असते. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उठवून चार पावले चालवणारी परिचारिका पसरते आहे. पथ्याचे जेवण वेळेवर न मिळालेला, रात्रभर जागा असलेला रुग्ण गोळा होऊन पडला आहे. आजार दोघांचा एकच असला तरी त्यांचे दिवस सारखे भरत नाहीत.

मग नातेवाइकांना सांगावे काय? चरकसंहितेचे इंद्रियस्थान हे सबंध स्थान अरिष्टांच्या वर्णनाला वाहिलेले आहे. आणि त्याच्याच शेवटच्या अध्यायात वैद्याला बजावले आहे की ही चिन्हे स्पष्ट दिसत असली तरी विचारल्यावाचून मरणाची वार्ता सांगू नये, आणि विचारले तरी ज्याने रुग्णाला किंवा दुसऱ्या कोणाला आघात होईल ते बोलू नये. नाशिकमध्ये, जेथे १९९८ पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ ॲलोपॅथी आणि आयुर्वेद या दोन्ही शाखांच्या परीक्षा घेते, तेथे हा अध्याय एका शाखेच्या विद्यार्थ्यांनी वाचायचा आणि दुसरीच्या विद्यार्थ्यांनी न वाचायचा, ही विभागणी काहीशी चमत्कारिकच म्हटली पाहिजे. अर्थात आजच्या रुग्णाला आपल्याबद्दलचे सत्य कळण्याचा अधिकार आहे, आणि चरकाचा निषेध त्या अधिकारापुढे जसाच्या तसा टिकणार नाही. टिकते ती त्यामागची जाणीव, की सांगितलेला काळ हा ऐकणाऱ्याच्या देहात शिरून काम करू लागतो. ‘दहा दिवस’ म्हणून सांगितलेला माणूस अकराव्या सकाळी, ताप उतरत असला तरी, स्वतःला बिघडलेला समजतो.

संगणकाला हाच प्रश्न विचारला तर उत्तर ४.६ दिवस असे काहीसे येते, आणि हे उत्तर एका अर्थी कोणत्याच रुग्णाचे नसते, कारण दुपारी बाराला दाखल झालेल्याचे ४.६ दिवस रात्री अडीचच्या सुमारास भरतात, आणि त्या वेळी सहसा कोणाला घरी सोडत नाहीत. वॉर्डात फेरीला आलेले डॉक्टर मात्र त्याच रुग्णाबद्दल ‘चार-पाच दिवस ठेवावं लागेल, मग बघू’ असे म्हणतात. मराठीची ही जोडसंख्या, चार-पाच, आठ-दहा, पंधरा-वीस, संख्याशास्त्र ज्याला अंतराल म्हणते तेच सांगते, आणि व्याकरणातच ते इतके मुरलेले आहे की बोलणाऱ्याला आपण अनिश्चितता व्यक्त करीत आहोत याची शुद्धही नसते. आकडा मोठा होत जातो तशी जोडीतली दरी रुंदावते, हेही त्या व्याकरणाला ठाऊक आहे. कोणी ‘पंधरा-सोळा’ म्हणाले तर त्याने मोजले असावे अशी शंका येते. त्या वाक्याचा उत्तरार्ध काहींना टाळाटाळ वाटतो. पण ‘बघू’ हे प्रथमपुरुषी अनेकवचनी भविष्यकाळाचे रूप आहे : त्यात पाहणारे डॉक्टर आहेत, परिचारिका आहे, उशाशी बसलेली सून आहे आणि स्वतः रुग्णही आहे, आणि चार-पाच दिवसांनंतर जे काही असेल ते या सगळ्यांनी मिळून पाहायचे आहे.